शेपटीसकट नाग

१७ जानेवारी १९९३, रविवार

अंबुजेचा धाकटा भाऊ वेणुगोपाळ ऑस्ट्रेलियाहून आला आणि आयुष्यात प्रथमच त्याने मला माझ्या योग्यतेची भेट दिली. आजवर तो पायमोजे आणी, नाहीतर दाढीचा साबण. यंदा चांदीचं नाणं आणलं. वजन एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम. शुद्धता हजारात नऊशे नव्व्याण्णव. एका अंगास तिकडची राणी, दुसऱ्या अंगास कूकाबरा नावाचा पक्षी. हा आपल्या खंड्याचाच थोरला भाऊबंद, हसल्यासारखा ओरडतो. चोचीची जाडी, डोळ्यामागची पट्टी, पंखावरच्या पिसांची उतरण, सर्व मी भिंगाखाली तपासलं. एकही चूक सापडली नाही. याचं थोडं वाईटच वाटलं.

"भावोजी, तिकडे दरवर्षी नवं निघतं," वेणू म्हणाला. "लोक घेतात आणि डबीत ठेवतात. खर्च कोणी करत नाही."

"मग घेऊन करतात काय?" अंबुजेने विचारलं.

"बघतात."

"बघण्यास इतकी चांदी?"

या कुंभकोणम् गावात असं नाणं समजू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो भांड्यांवर नावं कोरण्याचं दुकान चालवतो. एस.एस.एल.सी. माझी दोनदा हुकली ती परीक्षकांच्या चुकीने. त्यानंतर जे शिकलो ते स्वतः, वाचनालयातल्या जाड ग्रंथांवरून, आणि ते कोणत्याही पदवीधराहून जास्त आहे. घरी आम्ही तंजावरची मराठी बोलतो. तिला पुण्याहून आलेले पाहुणे हसतात. म्हणून ही दैनंदिनी मी ग्रंथांच्या मराठीत लिहितो. उद्या कोणी छापायची म्हटली तर अडचण नको.

१९ जानेवारी, मंगळवार

अंबुजेने कूकाबरा घासला.

आम्ही गोपीचंदन लावणारे. आमच्या घरात विभूती येते ती कपाळासाठी नव्हे, केवळ चांदी घासण्यासाठी. त्या विभूतीने, ओल्या फडक्याने, समई आणि पंचपात्रासोबत! आरशासारख्या पृष्ठभागावर आता गोल गोल ओरखडे आहेत. पक्ष्याच्या छातीवरचा धुरकटपणा, जो टांकसाळ मुद्दाम आणते, तो पार गेला.

"चकाकलं की नाही?" तिने अभिमानाने विचारलं. "वेणूने दिलं तेव्हा किती मळकं होतं."

गुरुमूर्तींना दुकानात ही वार्ता सांगितली. हे निवृत्त गणित-मास्तर रोज संध्याकाळी माझ्या बाकावर बसून माझा पेपर माझ्याआधी वाचतात. ते तमिळमध्ये म्हणाले, "रावजी, पक्ष्यास आंघोळ घातली. यात बिघडलं काय?"

गणित शिकवून माणसाची संवेदना जाते, हे माझं जुनं मत आहे.

३१ जानेवारी, रविवार

आमची वसंता श्रीरंगमहून आली. एकटीच. जावई कृष्णमूर्ति कामात आहेत म्हणाली. लग्नास सात वर्षं झाली, मूल नाही. सासूने पत्रिका ज्योतिष्याकडे नेली तर त्याने नागदोष काढला. तिरुनागेश्वरमच्या राहूच्या देवळात, रविवारी साडेचारच्या राहुकाळात, हुंडीत म्हणजे दानपेटीत, चांदीचा नाग वाहावा. नाग पुरा असावा, तुटका नको. चांदी माहेरची असावी. तसं नाही झालं तर "मुलाचा दुसरा विचार करावा लागेल" असं सासू शेजारणीस सांगत होती, वसंतास ऐकू जाईल अशा बेताने.

मी साफ सांगितलं. नाग म्हणजे एक सरपटणारा प्राणी. तो दूध पीत नाही, पुंगी ऐकत नाही, आणि पत्रिकेत तर मुळीच राहत नाही. मी हयात असेतोवर माझ्या घरची चांदी नागाच्या नावाने हुंडीत जाणार नाही.

"कोण म्हणतंय तुम्ही जा?" अंबुजा म्हणाली.

वसंता भात अर्धा टाकून उठली. रसम खारट झालं असावं.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्या आयुष्यास दिशा मिळाली. ऑस्ट्रेलियास एक हसरा पक्षी आहे, तर आपल्या कावेरीस काय कमी आहे? मी 'कावेरी वन्यजीव रौप्यमालिका' काढणार. एक औंस, नऊशे नव्व्याण्णव, साचे मी स्वतः कोरणार. पहिल्या वर्षी तीन मुद्रा: ऊद म्हणजे पाणमांजर, खंड्या आणि मगर. ऊद प्रथम, कारण नदीकाठचा इतका बुद्धिमान प्राणी इतका दुर्लक्षित राहिलेला दुसरा नाही. (याबाबतीत मला त्याच्याविषयी विशेष आत्मीयता वाटते.)

गुरुमूर्ति म्हणाले, "रुपये असं कोठे कोरू नका हो, आत टाकतील." हे मला ठाऊक होतं. म्हणून 'नाणं' न म्हणता 'मुद्रा' म्हणणार.

जेवताना अंबुजेस योजना सांगितली. तिने मजकडे नीट पाहिलं. लग्नास एकतीस वर्षं झाली, माझ्या एखाद्या योजनेकडे तिने असं लक्ष दिल्याचं स्मरत नाही.

"नाग नाही?" तिने विचारलं.

"नागाचं काय?"

"कावेरीच्या काठी नाग नाही होय? मगर मी जन्मात पाहिली नाही. नाग तर परसात परवा निघाला."

शास्त्रीय दृष्टीने तिचं म्हणणं बिनतोड आहे. मगर काढून नाग घातला.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

चांदीचा प्रश्न अंबुजेनेच सोडवला. तिच्या आईने दिलेली चांदीची घागर, जी ती वरलक्ष्मीच्या पूजेखेरीज पेटीबाहेर काढत नाही, ती तिने माझ्यापुढे आणून ठेवली.

"ही वितळवा. पण पहिला नाग मज द्यायचा."

माझे डोळे भरून आले. विभूतीच्या प्रकरणानंतर तिच्यात इतकी गुणग्राहकता जागी होईल असं वाटलं नव्हतं. सहवासाचा परिणाम होतोच, वेळ लागतो.

७ मार्च, रविवार

नागाचा साचा. मी फक्त फणा कोरणार होतो, समोरून, छातीपर्यंत. जगभर मोठ्या टांकसाळी प्राण्यांचे असेच मुखवटे काढतात. अंबुजा खांद्यावरून बघत होती.

"शेपटी कोठे आहे?"

"शेपटी चौकटीबाहेर आहे असं समजायचं."

"असं कोण समजेल? शेपटीसकट काढा. डोक्यापासून शेवटापर्यंत, मध्ये कोठे तुटू देऊ नका."

आधी मी रागावलो. मग विचार केला की शेपटीखालची खवलं दुहेरी असतात, ती दाखवण्याची संधी आजवर कोणत्याही टांकसाळीने घेतलेली नाही. आता नाग तीन वेटोळी घालून बसला आहे, शेपटीचं टोक फण्याजवळ वर आलेलं. फण्यामागचा चष्म्याचा आकडा घेता यावा म्हणून मान किंचित वळवली आहे. हा निर्णय सर्वस्वी माझा.

८ एप्रिल, गुरुवार

शंकरनारायणन् यांच्या कारखान्यात पहिली छपाई झाली. हे गृहस्थ सराफ रस्त्याच्या मागल्या बाजूस चांदी शुद्ध करतात. त्यांच्याकडे दाबयंत्र आहे, त्यावर एरवी नवसाचे पत्रे निघतात: डोळे, पाय, पाळणे, आणि ते नाग. त्यांचे नाग मी पाहिले. पत्रा कागदासारखा, आणि नाग म्हणजे गांडुळास ताप आल्यासारखा.

"रावजी, हे देवास चालतात," ते म्हणाले.

"देवाने भिंग लावलेलं नाही म्हणून."

घागर मुशीत गेली, शुद्ध झाली, तिच्या चकत्या पडल्या. चकत्या तापवून मऊ केल्या आणि एकेक साच्याखाली घातली. पहिला नाग बाहेर आला तेव्हा यंत्रावरचा माणूससुद्धा हात जोडून उभा राहिला. कलेपुढे अडाणी माणूसही नमतो. शेपटीच्या टोकापाशी मी बारीक अक्षरात क्रमांक कोरला: १.

१८ एप्रिल, रविवार

वसंता आली होती. दुपारी उन्हं उतरायच्या आत मायलेकी तिरुनागेश्वरमला दर्शनास गेल्या. देवळात जाण्यास माझी ना नाही. वस्तू वाहण्यास आहे.

परतल्यावर मी विचारलं, "अगे, पहिला नाग कोठे ठेवलास? डबी तर येथेच आहे."

"चांगल्या ठिकाणी ठेवला."

"कुलूप आहे?"

"मोठं आहे. लोखंडी पेटी आहे. अधिकारी आल्याखेरीज उघडत नाहीत."

बँकेचा लॉकर! मज न सांगता, स्वतःच्या बुद्धीने! "व्यवस्थापक विश्वासू आहे ना?" मी विचारलं.

"त्याच्यावर विश्वास ठेवूनच आले," अंबुजा म्हणाली. वसंता पदर तोंडाला लावून आत गेली. प्रवासाचा धुरळा फार असतो.

११ जुलै, रविवार

वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान झालं: 'रौप्यमुद्रा आणि कावेरीचे वन्यजीव.' दीड तास बोललो. श्रोते नऊ. दोघे पंख्याखाली झोपलेले आधीपासूनच होते, त्यांना धरून. ऊद दाखवला तर पुढल्या ओळीतल्या बाई म्हणाल्या, "हे नीर-नाय् ना? पाण्यातलं कुत्रं?" तमिळमध्ये त्यास असंच म्हणतात.

"होय, पण—"

"चांदीवर कुत्रं कोण घेईल हो?"

विक्री: गुरुमूर्तींनी एक खंड्या घेतला. हप्त्याने.

तथापि वैचारिक बी पेरलं गेलं आहे. बी ताबडतोब दिसत नसतं.

१० ऑक्टोबर, रविवार

वसंताचं पत्र आलं. तिला दिवस गेले आहेत. डॉक्टरबाईंनी खात्री केली. अंबुजा पत्र हातात घेऊन देवघरात बसली ती तासभर उठली नाही.

मलाही आनंद झाला. मी जावयास गेल्या वर्षी सकाळी चालत जाण्याविषयी आणि कॉफी कमी करण्याविषयी सविस्तर लिहिलं होतं. त्याने मनावर घेतलेलं दिसतं.

७ नोव्हेंबर, रविवार

बी उगवलं!

गेल्या महिन्याभरात नागाची मागणी अशी वाढली आहे की शंकरनारायणन् दुसरं काम बाजूस ठेवून माझ्या चकत्या पाडतात. व्याख्यानास नऊच लोक होते, पण त्या नवांनी काय प्रचार केला असेल! बहुतेक गिऱ्हाईक स्त्रिया आहेत. नाणकशास्त्र हा पुरुषांचा प्रांत, असं मीही समजत होतो. चूक कबूल करतो.

आज तिरुभुवनम्‌हून एका रेशीम विणणाऱ्याची बायको आली, धनलक्ष्मी नावाची. सोबत सासू. मी नेहमीप्रमाणे नागाच्या विषदंतापासून सुरुवात केली. ती शांतपणे ऐकत होती. पाच वर्षं लग्नास झाली असं मध्येच म्हणाली, त्याचा विषयाशी संबंध कळला नाही.

सासूने विचारलं, "शेपटी पुरी आहे ना?"

पाहा! सामान्य जनतेतही आता शेपटीविषयी जाणीव आहे. मी भिंग दिलं. तिने खवलं पाहिली नाहीत, टोक तेवढं बोटाने चाचपलं. हातमोजे घालण्याची विनंती करेपर्यंत उशीर झाला.

"डबी नको," सून म्हणाली. "कागदात द्या. आणि लवकर द्या, साडेचारच्या आत जायचं आहे."

आणखी एक निरीक्षण: बहुतेक खरेदी रविवारी दुपारी होते. सुटीचा दिवस, मोकळं मन. जगभर संग्राहक रविवारीच बाहेर पडतात, असं मी वाचलं आहे किंवा वाचेन.

२१ नोव्हेंबर, रविवार

अंबुजेने सुचवलं की लहान नागही काढावा, एक औंस सर्वांस झेपत नाही. मी प्रथम नकार दिला. मग आठवलं की परदेशी टांकसाळी पाव औंसही काढतात. काढला. शेपटी तितकीच पुरी.

गुरुमूर्ति पेपरमागून म्हणाले, "रावजी, तुमचा नाग आता कुंभकोणम्‌च्या घराघरांतून जातो."

"घराघरांत," मी सुधारलं.

"जसं तुम्ही म्हणाल."

ऊद अजून एकही गेला नाही. सदतीस ऊद कपाटात आहेत. रोज पुसतो.

२७ फेब्रुवारी १९९४, रविवार

'पहिली कुंभकोणम् रौप्यमुद्रा संग्राहक परिषद' पार पडली. मंगल कार्यालयाचं जेवणघर घेतलं होतं. निमंत्रणात ठळक अक्षरात लिहिलं होतं: प्रत्येकाने आपली मुद्रा सोबत आणावी. टेबलांवर काळी मखमल, त्यावर मुद्रांसाठी गोल खुणा, हे मी स्वतः केलं.

गर्दी अपेक्षेबाहेर झाली. बाया, सासवा, नवरे, तीन पोटुशा. मुद्रा मात्र एकानेही आणली नाही.

मी व्यासपीठावरून विचारलं, "आपले नाग कोठे आहेत?"

बाया सासवांकडे बघू लागल्या, सासवा नवऱ्यांकडे. मग मागून कोणी म्हणालं, "पोचले, सामी." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पोचले, म्हणजे सुरक्षित पोचले. लॉकरमध्ये! खऱ्या संग्राहकाचं हेच लक्षण, तो आपला ठेवा चारचौघांत आणत नाही. मी भाषणात त्यांच्या सावधपणाचं कौतुक केलं. अंबुजा पहिल्या ओळीत बसून जमिनीकडे बघत होती.

शेवटी धनलक्ष्मी नवऱ्यास घेऊन आली. नारळ, विड्याची पानं, फळं, ताटात रेशमी उपरणं, आणि दोघांनी मला साष्टांग नमस्कार घातला. तिला तिसरा महिना आहे म्हणाली. स्वकष्टाने विद्या मिळवलेल्या माणसाचा असा सत्कार या गावात पूर्वी झालेला नाही. गुरुमूर्ति रुमालात शिंकले, फार वेळ.

४ मार्च, शुक्रवार

मुंबईच्या एका नाणकसंस्थेचं पत्र. मी मालिकेचं वर्णन अकरा पानी पाठवलं होतं. पुढल्या प्रदर्शनात ती मांडण्यास आणि सूचीत छापण्यास तयार आहेत. अट एकच, तिन्ही मुद्रांची पहिली प्रत हवी, क्रमांक १. सूचीत नाव! वासुदेवराव, कुंभकोणम्, अभिकल्पक आणि साचेकार!

अंबुजेस म्हणालो, "सोमवारी लॉकर उघडू. नाग क्रमांक एक पाठवायचा आहे."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"आता नको. वसंताचं होऊन जाऊ द्या."

"वसंताचा आणि याचा काय संबंध?"

"नको म्हणते ना मी."

तिचा आवाज असा मी फार क्वचित ऐकला आहे. वसंता बाळंतपणास येऊन येथेच आहे, सातवा महिना, आणि परवापासून डॉक्टरबाईंनी उठू नको म्हणून सांगितलं आहे. काही नीट नाही. पाय सुजले आहेत. घरात सगळे हळू बोलतात.

९ मार्च, बुधवार

अंबुजा तिरुक्करुगावूरला जाऊन गर्भरक्षांबिकेचा प्रसाद, पोटावर लावायचं एरंडेल, घेऊन आली. मी विरोध केला नाही. एरंडेलाचे काही औषधी गुण ग्रंथांतही आहेत.

वसंता मला म्हणाली, "अप्पा, उदाविषयी सांगा." मी ऊद पिलांना पाठीवर कसं नेतो ते सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मुंबईस कधी पाठवायचं आहे?"

"नाग मिळाला की."

तिने माझं मनगट धरलं आणि सोडलं.

१२ मार्च, शनिवार

आजची नोंद व्यवस्थित लिहिली पाहिजे.

चकत्या आणण्यास शंकरनारायणन् यांच्याकडे गेलो. मुशीजवळ एक पोतं ओतलेलं होतं. पत्र्याचे डोळे, पाय, पाळणे, तापकरी गांडुळं. आणि त्यांत, सर्वत्र, शेपटीसकट नाग. माझे. एक औंसाचे, पाव औंसाचे. खवलं न झिजलेली. मुद्रा म्हणून पाहिलं तर दर्जा उत्कृष्ट.

"हे कोठले?"

"देवळातले. हुंडीतल्या चांदीचा लिलाव होतो, दरवर्षी मी घेतो."

"पण हे माझे आहेत."

"होते. मग देवाचे झाले. आता माझे. उद्या कोणाचे पैंजण होतील."

"तुम्हांस माहीत होतं?"

"रावजी," ते म्हणाले, "या रस्त्यावरच्या गाढवांस माहीत होतं. तुमच्या मुलीचं कळलं तेव्हापासून सगळं गाव जात आहे. मज वाटलं तुम्हांसही माहीत आहे आणि मोठ्या मनाने गप्प आहात."

"गप्पच होतो," मी म्हणालो.

त्यांनी ढिगातून एक उचलून माझ्यापुढे सरकवला. "हा बघा, एक नंबर. मुंबईस हवा होता ना? वजनास वजन द्या आणि घेऊन जा."

मी तो घेतला. हातमोजे दुकानातच राहिले होते. चांदी थंड असते, हे मी तीस वर्षं चांदीवर अक्षरं कोरून विसरलो होतो. फण्याच्या रेघांत कुंकू भरलं होतं. ओल्या बोटाने लावलेलं, अंबुजा लावते तसं, मधल्या बोटाने वर ओढून. शेपटीपाशी माझा १. ही त्या घागरीची चांदी.

मी विचारलं, "वाहिलेला नाग कोणी परत नेला, असं झालं आहे कधी?"

"माझ्या पाहण्यात नाही." ते भाता चालवत होते. "कोण नेईल?"

"नेला तर काय होतं?"

"ते नेणाऱ्यास विचारावं लागेल. कोणी भेटला नाही अजून."

मी सर्प आणि गर्भधारणा यांचा परस्परसंबंध नाही हे जाणतो. मी हे लेखी मांडलेलं आहे. त्या वेळी डोळ्यांपुढे वसंताचे सुजलेले पाय आले, याला कारण इतकंच की सकाळीच ते पाहिले होते.

नाग मी मुशीत टाकला. माझ्या हाताने. कारणं नोंदवून ठेवतो. एक, कुंकवाच्या डागामुळे तो प्रदर्शनास अयोग्य होता. दोन, विभूतीने घासला गेल्याचा संशय. तीन, मुद्रा जितकी दुर्मिळ तितकी मोलाची, आणि जी मुळीच उरलेली नाही तिच्याइतकी दुर्मिळ दुसरी नाही.

चांदी आधी लाल होते, मग एकाएकी पाण्यासारखी हलते. फणा आधी गेला. शेपटी थोडा वेळ राहिली.

१४ मार्च, सोमवार

दोन दिवस चिंतन केलं. आता सर्व स्पष्ट आहे. चोळ राजांच्या काळी मंदिर हीच पेढी आणि हाच कोश होता, शिलालेखांत पुरावे आहेत. कुंभकोणम्‌च्या संग्राहकांनी आपला ठेवा बँकेवर न सोपवता मंदिरात ठेवला, यात परंपरेचं ज्ञान दिसतं. लिलावाची बाब त्यांच्या लक्षात आली नसावी. त्यांस मी सांगणार नाही.

मुंबईस कळवलं: नाग क्रमांक १ उपलब्ध नाही. कारण दिलं नाही.

अंबुजेस यातलं काही बोललो नाही. शंकरनारायणन् यांची बायको काल संध्याकाळी आमच्याकडे येऊन गेली, हळदीकुंकवास असावं. आज माझ्या पानावर तूप नेहमीच्या तिप्पट होतं आणि आमटीत मला आवडतात तशा शेवग्याच्या शेंगा होत्या. अंबुजा वाढताना माझ्यापाशी उगाच जास्त वेळ उभी राहिली.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. जेवा."

तूप स्वस्त झालं असावं.

२ एप्रिल, शनिवार

मुंबईचं उत्तर: पहिल्या प्रतीखेरीज मालिका अपुरी ठरते, सूचीत घेता येत नाही, क्षमस्व. संस्थेचा तिथला चिटणीस पदवीधर आहे. त्यावरून समजावं.

१५ मे, रविवार

पहाटे वसंताला मुलगी झाली. दोघी सुखरूप. वजन सहा पौंड, म्हणजे २.७ किलो. इस्पितळाच्या काट्यात दोष दिसतो, पण परिचारिकेने मला तपासू दिला नाही.

जावई कृष्णमूर्ति आले. त्यांची आईही. ती अंबुजेचे हात धरून रडत होती आणि सर्व काही तुमच्या घरच्या चांदीमुळे असं म्हणत होती. मी तिला जावयाच्या सकाळच्या चालण्याविषयी सांगणार होतो. पण वसंताने माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प राहिलो. मला ते आता जमू लागलं आहे.

बाळाची बोटं मोजली. बरोबर आहेत.

११ डिसेंबर, रविवार

नागांची मागणी चालू आहे. अंबुजा आता दुकानात येऊन बसते आणि गिऱ्हाइकांशी तीच बोलते. माझं विषदंतांवरचं प्रास्ताविक तिने कमी करवलं आहे. गुरुमूर्ति खंड्याचा शेवटचा हप्ता देतो म्हणाले, दिला नाही.

आज नात मांडीवर होती. मी कपाटातला ऊद पुसायला घेतला, तर तिने तो हिसकावला. उघड्या हाताने. नंतर तोंडात घातला. अंबुजा धावली, पण मी थांबवलं.

"अहो, नाणं हाताळू नये ना? तुम्हीच सांगता."

"हे नाणं नाही. मुद्रा आहे."

सदतिसांपैकी एका उदाला अखेर संग्राहक मिळाला. तिने वर्णन ऐकून घेतलं नाही, शेपटीची चौकशी केली नाही आणि डबीही मागितली नाही. परत मागितला तर जोराने रडते.

नोंद: ऊद, क्रमांक १. पृष्ठभागावर लाळ. पाठीपाशी, जेथे पिलू बसवलं आहे तेथे, एका नव्या दाताची खूण. पुसलेली नाही.